मृणालताईंच्या वाटेने जाण्याआधी

तीर्थस्वरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुमचे पत्र पोचले. वस्तीतल्या बायकांनी मला महापालिकेच्या निवडणुकीला उभे राहण्याचा आग्रह धरला आहे हे कळल्यावर तुम्ही लिहिलेत की, चळवळीतला माणूस एकदा सभागृहात गेला की तो लोकांचा राहत नाही. उभा जन्म नगरपालिकेच्या लेखा विभागात काढलेल्या माणसाचे हे मत आहे, तेव्हा मी ते उडवून लावणार नाही. पण ज्या मृणालताई गोरे यांचे नाव ऐकत मी तुमच्याच घरात मोठी झाले, त्यांचे आयुष्य पुन्हा नीट पाहिले तेव्हा मला वेगळेच दिसले, आणि ते तुम्हा दोघांपुढे मांडल्याशिवाय अर्ज भरायचा नाही असे मी ठरवले आहे.

मृणालताईंचा जन्म १९२८ चा. वैद्यकीय शिक्षण अर्ध्यावर सोडून त्या राष्ट्र सेवा दलाच्या आणि समाजवादी पक्षाच्या कामात आल्या, १९४८ साली केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी त्यांचे लग्न झाले आणि दोघांनी गोरेगावात बिऱ्हाड केले. गोरेगाव तेव्हा मुंबईच्या हद्दीबाहेर होते, तिथे ग्रामपंचायत होती, आणि ताईंचे काम सुरू झाले ते त्या गावातल्या बायकांमध्ये आणि त्या पंचायतीत. १९५७ साली महापालिकेची हद्द दहिसरपर्यंत गेली आणि गोरेगावकर कागदोपत्री मुंबईकर झाले, पण पाण्याचे हाल संपले नाहीत. पुढच्याच वर्षी बंडू गोरे गेले. पदरात लहान मुलगी होती. अशा परिस्थितीत, बायकांसाठी राखीव जागा नसताना, १९६१ साली त्या मुंबई महापालिकेवर निवडून आल्या. आई, मुलांकडे कोण बघणार, असे तू फोनवर विचारलेस. ताईंच्या घरातही तो प्रश्न होताच, आणि त्यांना तो सोपा गेला असेल असे मला मुळीच वाटत नाही.

बाबा, नगरसेविका झाल्यावर त्यांनी मोर्चे बंद केले असते, तर तुमचे म्हणणे खरे ठरले असते. पण रिकामे हंडे घेऊन बायकांना महापालिकेवर नेण्याचे त्यांचे काम निवडून आल्यावरही चालूच राहिले. जलवाहिनी कोणत्या रस्त्याने जाणार, सार्वजनिक नळ कुठे बसणार, त्यासाठी पैसे कोणत्या वर्षी धरणार, हे सारे शेवटी अंदाजपत्रकाच्या चर्चेत ठरते, हे तुम्हाला मी सांगायला नको. बाहेर हंडेवाल्या बायका आणि आत त्यांच्यातलीच एक बाई, या दोन्हींमुळे प्रशासनाला उत्तर टाळता येत नसे. ‘पाणीवाली बाई’ हे नाव त्यांना लोकांनी दिले ते यामुळेच.

आमच्याकडे आज नेमकी ही आतली बाजू नाही. टँकर येण्याच्या दिवशी बायका कामाचा खाडा करून बसतात, निळ्या पिंपांना साखळ्या आणि कुलपे लावलेली असतात, आणि प्रभाग कार्यालयात गेले की प्रस्ताव वर पाठवला आहे एवढेच उत्तर मिळते. वस्ती अनधिकृत असली तरी तिथल्या माणसांना पाणी नाकारता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली पाणी हक्क समितीच्या प्रकरणात सांगितले, पण पाणी देण्याचे धोरण आखायचे काम महापालिकेकडेच सोपवले. म्हणजे न्यायालयात जिंकूनही गाडी पुन्हा महापालिकेच्या दाराशीच येते. त्या दाराच्या आत आपले कोणीतरी असायला हवे, असे बायका म्हणतात ते मला पटते.

आई, १९७२ च्या महागाईविरोधी मोर्चात तू लाटणे घेऊन गेली होतीस, तेलाचा आणि साखरेचा भाव तुला अजून पाठ आहे. तो मोर्चा काढणाऱ्या महागाईविरोधी समितीत ताईंबरोबर अहिल्याताई रांगणेकर, प्रमिलाताई दंडवते, तारा रेड्डी अशा निरनिराळ्या पक्षांच्या बायका होत्या. अहिल्याताई स्वतः मुंबईच्या नगरसेविका होत्या आणि मृणालताई त्याच वर्षी आमदार झाल्या होत्या. लोकप्रतिनिधी असूनही या बायका रस्त्यावर उतरल्या आणि तुझ्यासारख्या हजारो गृहिणी त्यांच्यामागे निर्धास्तपणे चालल्या.

पुढचे तुम्हाला ठाऊकच आहे. आणीबाणीत भूमिगत काम, मग तुरुंगवास, आणि १९७७ साली उत्तर मुंबईतून लोकसभा. त्याच निवडणुकीत हरलेल्या इंदिरा गांधींना टोला देणारी ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा बाबा आजही खणखणीत आवाजात देतात. १९८५ नंतर पुन्हा विधानसभेत असताना त्या विरोधी पक्षनेत्याही झाल्या. गर्भलिंग निदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, त्यामागे त्यांचाही पाठपुरावा होता. तरीही माझ्या मते दिल्लीपेक्षा गोरेगावातले त्यांचे काम मोठे आहे. कमाल जमीन धारणा कायद्याखालची, म्हणजे मालकांकडे ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असलेली शहरातली जमीन गरजूंच्या घरांसाठी मिळावी म्हणून बाबूराव सामंतांसारख्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी नागरी निवारा परिषदेतर्फे वर्षानुवर्षे झगडा दिला, आणि दिंडोशीला सहा हजारांवर घरे उभी राहिली. २०१२ साली त्या गेल्या तेव्हा त्या घरांत दुसरी पिढी नांदत होती.

खुर्चीवर बसून बिघडलेली माणसे तुम्ही पाहिली आहेत, बाबा, मीही पाहिली आहेत. ताई बिघडल्या नाहीत याचे कारण मला त्यांच्या स्वभावाइतकेच त्यांच्या रीतीत दिसते: मोठी पदे मिळाली तरी त्या गोरेगावच्याच राहिल्या आणि लोकांना सोबत घेतल्याशिवाय त्यांनी कोणता प्रश्न हाती घेतला नाही. म्हणून मी बायकांना दोन अटी घातल्या आहेत. मी कोणत्याही पक्षाचे तिकीट न घेता उभी राहीन, आणि निवडून आले तरी दर रविवारची वस्तीची बैठक चालू राहील, जिथे मला सभागृहातल्या कामाचा जाब द्यावा लागेल. दोन्ही त्यांनी मान्य केल्या आहेत.

आता तुमचा होकार हवा आहे. बाबा, सोबत महापालिकेच्या अंदाजपत्रकातली पाणीपुरवठ्याची पाने पाठवते आहे. गेल्या वर्षी धरलेली रक्कम कुठे वळवली गेली ते मला त्यातून उलगडत नाही. तुम्ही सवडीने पाहून लाल पेन्सिलीने खुणा करून ठेवा, पुढच्या शनिवारी मी येते तेव्हा बसून समजून घेईन.

तुमची लेक