ज्यांची जयंतीच नाही, त्यांची चित्रे कोण काढणार? सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

मी कोल्हापुरात व्यक्तिचित्रे रंगवते. साखर कारखान्याचे संस्थापक, बँकेचे माजी अध्यक्ष, शिक्षणसंस्थेचे अण्णासाहेब-दादासाहेब अशी कामे येत असतात. त्यावर घर चालते, त्यामुळे त्या मंडळींबद्दल माझी तक्रार नाही. बायकांची चित्रेही येतात, पण बहुधा संस्थापकांच्या मातोश्री किंवा पत्नी म्हणून, आणि बऱ्याचदा शेजारच्या चौकटीपेक्षा चार बोटे लहान चौकटीत. स्वतः काही लिहिलेल्या, छापलेल्या, सभा गाजवलेल्या बाईचे तैलचित्र करून द्या, असे म्हणत कुणी दार वाजवत नाही. ते शासनाने वाजवावे, एवढ्यासाठी हे पत्र.

सामान्य प्रशासन विभाग दर वर्षी राष्ट्रपुरुष आणि थोर व्यक्तींच्या जयंत्यांचे परिपत्रक काढतो. त्या त्या दिवशी मंत्रालयापासून तहसील कचेरीपर्यंत प्रतिमेला हार घातला जातो. जिजाऊ, सावित्रीबाई, अहिल्यादेवी त्या यादीत आहेत आणि असायलाच हव्यात. पण ही यादी जन्मतारखेवर चालते. ज्या मुलीचा जन्म कुणी टिपून ठेवला नाही, तिची जयंती येणार कुठून? जयंती नाही म्हणून प्रतिमा नाही, प्रतिमा नाही म्हणून शाळेत कार्यक्रम नाही, आणि कार्यक्रम नसला की पोरांच्या कानावर नाव पडत नाही. यात कुणाचा दुष्ट हेतू आहे असे मला वाटत नाही. कारभाराची रीतच तशी पडली आहे.

मुक्ता साळवेचे घ्या. पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी, मांग समाजातली, चौदाएक वर्षांची मुलगी. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकामध्ये १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ अशा दोन अंकांत छापून आला. पेशवाईत आपल्या लोकांवर काय गुदरले ते तिने त्यात लिहिले. वेदांवर ज्यांचा हक्क नाही त्यांनी आपला धर्म कोणता समजायचा, असे विचारले. घरावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायकांना थंडी-पावसात काय सोसावे लागत असेल, तेही लिहिले. शाळेत जाऊन जेमतेम काही वर्षे झालेल्या मुलीचे हे लेखन आहे. ते वाचले की चित्रकाराच्या हाताला चाळा लागतो. पण समोर काही नाही.

कॅमेरा तोवर आला नव्हता असे नाही. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती, म्हणजे निबंधाच्या आदल्याच वर्षी. डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी तिथे छायाचित्रे काढत. पण तो कॅमेरा साहेबाच्या, सरदाराच्या आणि शेठजीच्या घरी जाई. पुढे तो गरिबांकडे वळला तेव्हा जातीजमातींचे ‘नमुने’ टिपण्यासाठी वळला. त्या छायाचित्रांखाली जातीचे नाव असते, माणसाचे नसते. आपल्या संग्रहांत अशा शेकडो बायका नावावाचून बसल्या आहेत, आणि मुक्ताचे नाव चेहऱ्यावाचून राहिले आहे.

मग तिचे चित्र काढायचेच नाही का? काढायचे, पण कसे ते आधी ठरवून. आपल्याकडे चेहरा ठाऊक नसला की हात आपोआप एका ठरावीक बाईकडे वळतो. गोरा वर्ण, मोठे डोळे, नाकात नथ, खांद्यावरून नीट घेतलेला पदर. लोणावळ्याजवळच्या मळवलीत रवि वर्म्यांच्या छापखान्याने घराघरांत लक्ष्मी-सरस्वती पोहोचवल्या, तेव्हापासून ‘चांगली बाई’ चित्रात अशीच दिसते. त्या माणसाच्या हाताला मी नावे ठेवणार नाही, त्याच्या रेशमी वस्त्रांवरूनच आम्ही सगळे शिकलो. पण समाजमाध्यमांवर मुक्ताची म्हणून जी चित्रे फिरतात त्यांतली काही पाहिली तर ती मांगवाड्यातून शाळेत येत होती की एखाद्या वाड्याच्या दिवाणखान्यातून, असा प्रश्न पडतो.

माझ्या हाती काम आले तर मी पुण्यातल्या मातंग वस्तीत जाईन आणि तेवढ्याच वयाच्या मुलींना, आईवडिलांना विचारून आणि बसण्याचा मोबदला देऊन, समोर बसवेन. अंगावर जाडेभरडे सुती लुगडे. दागिना असलाच तर मण्यांची एखादी सर. त्या ‘नमुन्यां’च्या छायाचित्रांचा कपड्यांपुरता उपयोग होतो, मात्र तिथेही फोटोवाल्याने कुणाला काय नेसवले याचा संशय धरूनच. रंग सावळा, आणि सावळा म्हणजे गेरूत काळा कालवलेला नव्हे. सावळ्या कातडीवर उजेड निळसर पडतो आणि सावलीत तांबूसपणा उतरतो. तो पकडायला वेळ लागतो, म्हणून घाईचा चित्रकार गोरा रंग वापरून मोकळा होतो. हातात पाटी देऊ नये. शाळेतली मुलगी म्हटली की पाटी येतेच, पण या मुलीने छापखान्यात जाणारा मजकूर लिहिला, तेव्हा कागद आणि बोरूच हवा.

आणि चित्राखाली स्पष्ट लिहायचे : हे कल्पनाचित्र आहे, आधार अमुक, चित्रकार अमुक, वर्ष अमुक. हेच कॅनव्हासच्या मागेही लिहायचे, कारण चौकटीवरची पट्टी पहिल्या रंगसफेदीत निघून जाते.

ही अट मी मुद्दाम घालते आहे. शिवछत्रपतींचे म्हणून एका भलत्याच माणसाचे चित्र आपण कित्येक वर्षे घराघरांत लावत होतो. इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली डच साधनांतले चित्र पुढे आणले तेव्हा ते बदलले. प्रत्यक्ष महाराजांच्या बाबतीत हे घडू शकते, तर ज्यांच्यासाठी कुणी बेंद्रे कागद चाळत बसलेले नाहीत त्या बायकांचे काय होईल? सावित्रीबाईंच्या सहकारी शिक्षिका म्हणून सांगितल्या जाणाऱ्या फातिमा शेख यांचा दाखला ताजा आहे. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ला जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमेचे नाव येते. तरी २०२५च्या जानेवारीत ही बाई होती तरी का, यावर समाजमाध्यमांवर रणे माजली. चित्रे तोवर उदंड झाली होती, पण चित्राखाली आधार लिहिण्याची सवय आपल्याला नाही. आधार छापलेला असता तर त्या भांडणातले निम्मे बोलणे वाचले असते.

ज्यांची छायाचित्रे आहेत त्यांचे काम त्या मानाने सोपे, तरी तेही झालेले नाही. डॉ. रखमाबाई बालपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जाण्यापेक्षा तुरुंग पत्करते म्हणाल्या. पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत-राजकोटला त्यांनी हयात घालवली. त्या १९५५ साली वारल्या, म्हणजे त्यांना पाहिलेली माणसे आपल्या पिढीपर्यंत होती. तानूबाई बिर्जे यांनी पती गेल्यावर १९०८पासून ‘दीनबंधू’ हे वर्तमानपत्र चालवले, त्यातले अग्रलेख लिहिले. सुलोचनाबाई डोंगरे यांनी नागपुरात २० जुलै १९४२ रोजी दलित महिलांच्या परिषदेचे अध्यक्षपद भूषवले. अशा बायकांची छायाचित्रे कपाटातल्या अल्बममध्ये, घरोघरच्या ट्रंकेत, अधिवेशनांच्या समूहचित्रांत मागच्या रांगेत असतात. पुराभिलेख संचालनालय आपल्याच खात्याखाली आहे. घरच्या जुन्या छायाचित्रांची नावानिशी प्रत आमच्याकडे जमा करा, मूळ तुमच्याकडेच ठेवा, एवढे आवाहन त्याने जिल्ह्याजिल्ह्यात केले तरी पुष्कळ हाती लागेल. मात्र हे काम रंगाच्या आधी व्हायला हवे. चित्र लागून गेले की शोधायला कुणी जात नाही.

आता पैशाचे बोलते. चित्रे खुर्च्यांसारखी ई-निविदेने घेऊ नका. सर्वांत कमी दरवाला निवडला की काय येते ते मी अनेक सभागृहांत पाहिले आहे : फोटो कॅनव्हासवर छापायचा, वरून ब्रशचे चार फटकारे आणि वार्निश मारायचे, आणि तैलचित्र म्हणून बिल लावायचे. तीन-चार वर्षांत लाल उडतो आणि चेहरा हिरवट दिसू लागतो. त्यापेक्षा कला संचालनालयाला सोबत घ्या. ते उच्च व तंत्रशिक्षण खात्याकडे आहे हे मला माहीत आहे, तेव्हा दोन मंत्र्यांना एका टेबलाशी बसावे लागेल. चित्रकार, इतिहासाचा अभ्यासक आणि त्या त्या समाजातली जाणती माणसे अशी लहानशी समिती नेमा. आधी पेन्सिलीचे कच्चे रेखाटन मागवा, त्याचेही मानधन द्या, मग रंगाला परवानगी द्या.

चित्रकारांत बायका असाव्यात. ही मेहेरबानी म्हणून मागत नाही. चित्रकार धुरंधरांच्या कन्या अंबिकाबाई आणि चित्रकार त्रिंदाद यांच्या कन्या अँजेला या दोघी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या, दोघींनी आयुष्यभर रंगवले, आणि आजही दोघींची ओळख वडिलांच्या नावाने करून द्यावी लागते. मीही आत्ता तेच केले.

सुरुवात बुलढाण्यापासून करावी. ताराबाई शिंदे तिथल्या. १८८१मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येच्या आरोपाखाली फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी झाली, पण ‘पुणे वैभव’ या वर्तमानपत्राने त्या निमित्ताने साऱ्या बायकांवर तोंडसुख घेतले. त्याला ताराबाईंनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून उत्तर दिले. जोतीरावांनी जाहीरपणे त्यांची बाजू घेतली, बाकीच्यांनी पुस्तक विसरून टाकले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापले तेव्हा कुठे ते वाचकांना दिसले. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याला डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. तेव्हा चित्र तिथल्या जिल्हाधिकारी कार्यालयात लावले तर ते घरच्या माणसासारखे जाईल. हातात ते वर्तमानपत्र हवे, आणि कपाळाला आठी असली तरी चालेल.

जयंतीची अडचण सोडवायची तर जन्मतारखेऐवजी कामाची तारीख धरा. मुक्तासाठी १५ फेब्रुवारी आहेच. सामान्य प्रशासन विभागाकडे तसा प्रस्ताव आपल्या सहीने जाऊ शकतो.

मुक्ताचे चित्र मला मिळावे म्हणून हे लिहिलेले नाही. ते पुण्यातल्याच एखाद्या तरुण मुलीकडे द्या, शक्यतो मुक्ताच्याच समाजातल्या. मी वर लिहिलेले तिला पटले नाही तर तिने खुशाल तिच्या मनाप्रमाणे काढावे. बुलढाण्याच्या कामासाठी मात्र जाहिरात निघाली की मी अर्ज करणार आहे.

आपली,
एक व्यक्तिचित्रकार, कोल्हापूर