आंभोऱ्याच्या घाटावर आडोसे हवेत : नागपूरकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार, जय सेवा.

महाशिवरात्रीला आंभोऱ्याच्या जत्रेत आपल्या मंडळाचा फराळाचा मांडव असतो, हे बहुतेकांना ठाऊक आहे. साबुदाणा, शेंगदाणे, तेल, केळी यंदाही न मागता आली. तेव्हा उसळीसाठी आणखी कोणी काही देऊ नये, ही पहिली विनंती. आम्हाला मागायचंय ते वेगळंच, आणि त्याला देणगीदार लवकर मिळत नाही. घाटावर बायांना कपडे बदलायला आडोसे हवेत.

आंभोरा कुही तालुक्यात. वैनगंगा, कन्हान, आम, मुरझा आणि कोलारी या पाच नद्यांचा संगम, टेकडीवर चैतन्येश्वर. पहाटेपासून बाया डुबकी घेऊन बाहेर येतात, पण ओलं लुगडं सोडायचं कुठं? सासू साडी ताणून उभी राहते, तिच्यामागं सून घाईघाईनं कपडे बदलते. कोरडा परकर दातात, ओलं पातळ हातात, पायाखाली चिखल, आणि पाण्यावरचा वारा ती साडी एका बाजूनं उचलतोच. पूर्वी निदान समोर नुसती नदी होती. २०२४ साली तिथं केबलचा मोठा पूल सुरू झाला. त्यावर गॅलरी आहे अन् गॅलरीत उभ्या प्रत्येकाच्या हाती मोबाइल. त्यामुळे आता तीन बाजूंनी कापड लावून भागत नाही, वरूनही झाकावं लागतं.

आडोसा साधाच आहे. घडी होणारे लोखंडी पाइप, वर ताडपत्री, चारी बाजूंनी जाड कापड, आत दोन खुंट्या आणि चिखल होऊ नये म्हणून खाली लाकडी फळ्या. खुंट्या विसरू नका, असं आमच्या महिला कार्यकर्त्यांनी बजावून सांगितलंय. एका आडोशाला साधारण ४,५०० रुपये लागतात. यंदा १२ करायचे आहेत.

हे आडोसे एकाच जत्रेपुरते नाहीत. महाशिवरात्रीच्या पंधरवडाभर आधी, माघ पौर्णिमेला, गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला गोंड समाजाचा कोया पुनेमचा, म्हणजे त्यांच्या पारंपरिक धर्माचा, मेळा भरतो. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून माणसं येतात. पिवळे दुपट्टे, सप्तरंगी झेंडे, गुहेकडे चढणारी रांग. मुक्कामाला आलेल्या बाईची अडचण तिथंही तीच. मात्र कचारगडला आपण पाहुणे. तिथल्या समितीला विचारून, ती सांगेल तिथंच आडोसे उभे राहतील. मंडळाचं फलक वगैरे तिथं काही नाही.

आंभोऱ्याचं काम नागपूरनं का करायचं, असं कोणी विचारतं. आपल्या नळाला पेंचसोबत कन्हानचंही पाणी येतं. त्याच कन्हानला आपण नाग नदीतून शहराचं सांडपाणी परत पाठवतो, आणि कन्हान ते घेऊन आंभोऱ्याला वैनगंगेला मिळते. गोसीखुर्द धरणाचा फुगवटा संगमापर्यंत येत असल्यानं पाणी तिथं थांबून राहतं. लोक त्याच पाण्यात श्रद्धेनं डुबकी घेतात. सांडपाण्याचा प्रश्न आमच्या मंडळाच्या आवाक्यातला नाही, त्यासाठी आपण सगळ्यांनी महापालिकेच्या मागं लागायला हवं. आडोसा मात्र आवाक्यातला आहे.

हळदी-कुंकवाच्या मंडळांना खास विनवणी. संक्रांतीचं वाण म्हणून दरवर्षी तेच प्लास्टिकचे डबे वाटले जातात आणि ते घरोघरी माळ्यावर जातात. यंदा एका गल्लीनं मिळून एक आडोसा द्यावा. कापड शिवायला वेळ लागतो, म्हणून रक्कम रथसप्तमीच्या आत पोचली तर कचारगडला आडोसे वेळेवर नेता येतील. धनादेश किंवा रोख, कार्यालयात संध्याकाळी ६ ते ८ दरम्यान द्या आणि पावती घेतल्याशिवाय जाऊ नका. रक्कम १०० रुपयेही चालेल.

आडोशावर देणगीदाराचं नाव लागणार नाही. नाव लागलं की माणूस तिथं फोटो काढायला उभा राहतो, आणि नेमकं तेच टाळायचंय.

जुन्या चादरी, साड्या आणू नका, त्या पारदर्शक होतात. त्यापेक्षा ज्या ताईंना जमेल त्यांनी महाशिवरात्रीच्या पहाटे घाटावर पाळीनं उभं राहावं. दर दोन आडोशांमागं एक बाई लागते. आदल्या रात्री मंडळाची गाडी निघेल, जागा मोजक्या आहेत, नावं लवकर कळवा.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते, नागपूर