आधी सांगा, कुठलं ऐकलं?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

चरणजित सिंग यांच्या 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' या रेकॉर्डवर तुमच्या पुरवणीत लेख आल्यापासून वाचकांच्या पत्रांत जी जुंपलीय ती मी दुकानात बसून रोज वाचतोय आणि आता राहवत नाही म्हणून लिहितोय. कुणी म्हणतंय नवं रिमास्टर, म्हणजे जुनंच वाजवणं आवाज नव्यानं बसवून परत काढलेलं, कसलं भारी, बेस पार छातीत वाजतो, जुन्यात दमच नव्हता. कुणी म्हणतंय जुन्यातला जीव काढून घेतला, आता नुसतं प्लास्टिक उरलंय. विट्याच्या एका वाचकानं तर लिहिलंय की मुळात हे राग नव्हेतच, मग त्याचं रिमास्टर करा नाहीतर लोणचं घाला. मजा आली वाचायला, खोटं कशाला बोलू. पण एवढ्या पत्रांत एकानंही हे लिहिलं नाही की त्यानं नक्की ऐकलं काय, कुठनं आणि कशावर.

सांगलीत माझं अ‍ॅम्प्लिफायर आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांच्या काळापासूनचं. पूर्वी आम्ही कॅसेट पण भरून द्यायचो. तेव्हा एकच गाणं रेकॉर्डवर कसं, कॅसेटवर कसं, आणि शेजारच्या दुकानातनं भरून आणलेल्या कॅसेटवर कसं, हे ऐकत ऐकतच मोठा झालोय. त्यामुळं ही चर्चा म्हणजे माझ्या घरचीच आहे असं समजा.

आता बाजारात काय काय फिरतंय ते बघा. पहिली म्हणजे मूळ रेकॉर्ड, १९८२ सालची, एचएमव्हीची. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारे, त्यांनी रोलँड कंपनीची तीन मशीनं घेतली, ज्युपिटर ८ हा सिंथेसायझर, टीआर ८०८ हे ड्रम मशीन आणि टीबी ३०३ हे बेस वाजवणारं बारकं डबडं, आणि एकट्यानं भैरव, ललित, तोडी, मधुवंती, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. त्यावेळी कुणी विचारलं नाही. मग २००२ मध्ये एडो बाऊमन नावाच्या डच माणसाला दिल्लीत ही रेकॉर्ड हाताला लागली आणि २०१० मध्ये त्यानं आपल्या बॉम्बे कनेक्शन या लेबलवर ती परत काढली, ही झाली दुसरी. तिकडच्या लोकांनी डोक्यालाच हात लावला, कारण अ‍ॅसिड हाउस म्हणून जे क्लबात नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत आहे त्याची सुरवात शिकागोच्या फ्युचर या ग्रुपच्या १९८७ च्या 'अ‍ॅसिड ट्रॅक्स'पासून धरतात, आणि इथं आपल्या मुंबईचा माणूस तेच ३०३ घेऊन पाच वर्षं आधी भैरव वाजवून मोकळा झालेला. चरणजित सिंग यांना स्वतःला असलं काही करायचं नव्हतं, रागाला डिस्कोचा ठेका लावून बघायचा एवढंच डोक्यात होतं. पुढं म्हातारपणी ते युरोपात स्टेजवर वाजवून आले आणि २०१५ मध्ये मुंबईत वारले.

तिसरी जी आहे तिथंच सगळा घोळ आहे. ती म्हणजे नेटवर कुणीतरी टाकलेली फाइल, वर लिहिलेलं 'रिमास्टर्ड, फुल बेस'. कुणी केलंय, कशावरनं केलंय, काही पत्ता नाही. माझ्याकडं येणाऱ्या पोरांना मी विचारलं, तर जवळपास सगळ्यांनी हीच ऐकलेली, ती पण व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एमपीथ्री, मोबाइलवर. आणि हीच पोरं म्हणतात, काका, रिमास्टर लई भारी!

मिरजेच्या एका मित्राकडं मूळ एचएमव्हीची रेकॉर्ड आहे, भाच्याकडं २०१० ची आहे, फाइल तर सगळ्यांकडंच आहे. म्हणलं बघूया. तिन्ही एकाच अ‍ॅम्प्लिफायरवर, एकाच स्पीकरवर लावल्या. नुसत्या लावल्या तर फाइल जिंकणार हे ठरलेलंच, कारण तिचा आवाज मुळातच मोठा. कानाचं असं आहे की आवाज थोडा जरी वाढला तरी बेस भरल्यासारखा वाटतो आणि वरचे स्वर चकाकतात, एखाद्या डेसिबलचा फरक असला तर आवाज वाढलाय हे कळत पण नाही, नुसतं चांगलं वाटतं. त्यात आपल्याकडं गणपतीत डॉल्बीपुढं उभं राहून कान तयार झालेले, तेव्हा मोठं ते चांगलं हे डोक्यात फिट्टच बसलंय. म्हणून स्पीकरच्या वायरीवर वडिलांचा काट्याचा मल्टीमीटर लावला, एसी व्होल्टवर, आणि तिन्हींचा आवाज सारखा करून घेतला.

त्या काट्याकडं बघत बसलो तर निम्मं उत्तर तिथंच मिळालं. मूळ रेकॉर्डवर ८०८ चा ठोका पडला की काटा उडायचा आणि परत खाली यायचा, उडायचा, खाली यायचा. २०१० च्या रेकॉर्डवर पण तसंच. फाइलवर काटा एकदा वर गेला तो तिथंच थरथरत बसला, ठोका पडो न पडो. म्हणजे लिमिटर लावून वरची टोकं कापलीत आणि खालचं सगळं वर ओढलंय. ठोका आणि ठोक्याच्या मधली जागा एकाच उंचीवर आली की ठेका राहतोच कुठं? आणि आवाज सारखा केल्यावर तीच पोरं म्हणाली, काका, ही फाइल जरा बसकी वाटतीय. मी काही बोललो नाही.

आता जुनं ते सोनंवाल्यांना पण सांगायला पाहिजे. मूळ रेकॉर्डवर बेस कमी आहे ही गोष्ट खरी आहे, आणि ती चरणजित सिंग यांची मर्जी होती असं धरून चालू नका. दहा राग, एकेक साधारण पाच मिनिटांचा, म्हणजे एका बाजूला पंचवीसेक मिनिटं झाली. एलपीच्या एका बाजूवर एवढं बसवायचं म्हणजे खाच बारीक ठेवावी लागते, आणि बेसची खाच रुंद असते, सुई तिथं जास्त हलते. मग तबकडीवर खाच कापणारा इंजिनियर काय करणार, आवाज खाली घेणार नाहीतर बेस कमी करणार. २०१० ला ते दोन रेकॉर्डींवर पसरून काढलं, जागा मिळाली. तेव्हा नव्यात बेस जास्त आला म्हणून लगेच 'भेसळ केली' म्हणायचं कारण नाही, तो बेस मशीनमधनं निघालेलाच होता, जुन्या तबकडीवर त्याला जागा नव्हती. माझं मत विचाराल तर २०१० ची रेकॉर्ड मला मूळपेक्षा उजवी वाटली, आणि हे मी जुन्या रेकॉर्डींवर पोट भरलेला माणूस बोलतोय.

पण सगळ्यात भारी बोलला तो मिरजेचा मित्र. तो तंबोरे करतो, सतारमेकर गल्लीत त्याचं काम, इलेक्ट्रॉनिक असलं काही तो ऐकत नाही, इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचं नाव काढलं तरी तोंड वाकडं करतो. मूळ रेकॉर्ड त्याच्या चुलत्यांनी चुकून घेतलेली, रागांची नावं बघून. तोडी लावली तेव्हा तो खाली मान घालून बसलेला. तो बेसचा आवाज हळूहळू उघडत जातो, ते ३०३ च्या फिल्टरचं बटण फिरवल्यावर होतं, तिथं आल्यावर त्यानं मान वर केली आणि म्हणाला, "हे जवारीसारखं उघडतंय की."

आणि बरोबर आहे बघा. जवारी लावताना तो तार आणि घोडी यांच्यामध्ये दोरा सरकवतो, केसाएवढा इकडं, केसाएवढा तिकडं, आणि एका जागेवर आला की एका तारेतनं वरचे स्वर एकामागनं एक फुलायला लागतात. फिल्टर पण तेच करतो, एका स्वरातल्या वरच्या स्वरांवर एकेक करून बोट ठेवत जातो. सिंथेसायझरमध्ये काय जीव असतो असं म्हणणाऱ्यांनी एवढं एकदा ऐकून बघावं.

मग त्याला फाइल ऐकवली. तीच तोडी, तीच जागा. म्हणाला, "दोरा सरकला." त्याला नॉइज रिडक्शन वगैरे काही माहीत नाही. पण फाइल करणाऱ्यानं रेकॉर्डची खरखर काढायला जे काही लावलंय त्यानं भाकरीवरचं पीठ झटकताना पापुद्राच निघावा तसं झालंय, खरखरीबरोबर स्वराच्या शेपटीतलं वरचं बारीक काम पण गेलंय. सॉफ्टवेअरला काय कळतंय, वरच्या पट्टीत बारीक आवाज दिसला की त्याच्या हिशेबी तो कचरा. थोडी खरखर राहिली असती तर कुणाचं काय बिघडणार होतं?

साताऱ्याच्या ताईंनी विचारलंय की रिमास्टर म्हणजे परत वाजवून घेतात का. नाही ताई. जे वाजवलंय, टेपवर आहे, त्याच्यावरनं रेकॉर्ड किंवा सीडी काढायची शेवटची पायरी असते ती नव्यानं करणं म्हणजे रिमास्टर. परत वाजवणं वेगळं. फ्रान्सच्या जाँ मिशेल जार यांनी १९७६ चं 'ऑक्सिजेन' २००७ मध्ये त्याच जुन्या वाद्यांवर सगळंच्या सगळं नव्यानं वाजवून काढलं, त्याला रिमास्टर नाही म्हणत. जर्मनीच्या क्राफ्टवेर्कनं २००९ मध्ये आपले आठ अल्बम परत काढले, ते रिमास्टर. त्यात मात्र त्यांनी १९८६ च्या 'इलेक्ट्रिक कॅफे'चं नावच बदलून 'टेक्नो पॉप' केलं, आता मालकच बदलतोय म्हणल्यावर कोण काय बोलणार.

हे राग नव्हेतच या विट्याच्या भाऊंच्या मुद्द्यावर थोडक्यात. तोडीचा गंधार कीबोर्डच्या कोमल गंधारापेक्षा खाली असतो हे मान्य, बारा समान पट्ट्यांत तो बसत नाही. पण तक्रार असेल तर ती वाजवण्यावर आहे, नव्या आवृत्तीवर नाही, कुठलंही रिमास्टर गंधार खाली आणू शकत नाही. आणि बाकी काही म्हणा, ३०३ वर दोन स्वर जोडायला स्लाइडची सोय आहे आणि ती या रेकॉर्डवर जिथं जिथं लागलीय तिथं मींड ऐकू येते. मला तरी येते.

तेव्हा संपादकसाहेब, विनंती एवढीच की या विषयावर पुढं पत्रं छापताना वाचकांना एक ओळ सक्तीची करा, मी अमुक आवृत्ती ऐकली आणि अमुक यंत्रावर ऐकली. निम्मी भांडणं तिथंच मिटतील, कारण निम्मी मंडळी एकमेकांशी नाही, वेगवेगळ्या गोष्टींशी भांडतायत. आणि रेकॉर्ड कंपन्यांना पण सांगावंसं वाटतं की कव्हरवर फोटो आणि कौतुक छापता तसं हे कशावरनं काढलंय ते पण छापा, मूळ टेप होती का जुनी रेकॉर्ड, आणि मास्टरिंग कुणी केलं. औषधाच्या बाटलीवर सगळं छापतात, मग दीड-दोन हजारांच्या रेकॉर्डवर दोन ओळी जास्त छापायला काय हरकत आहे?

जाता जाता एक. मागच्या रविवारी एका वाचकानं घरातल्या जुन्या रेकॉर्डी स्पिरिटनं पुसा म्हणजे नव्यासारख्या वाजतील असा सल्ला दिलाय. कृपा करून ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांना स्पिरिट लावू नका, त्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. मऊ फडकं, साधं पाणी, लेबल ओलं होऊ द्यायचं नाही आणि सावलीत वाळवायच्या. कुणाच्या घरी पेटीभर असतील आणि काही सुचत नसेल तर तशाच राहू देत, हात लावू नका, पण स्पिरिट नको.

आपला,
एक वाचक, सांगली