तो थर दुधाचा नव्हता

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

माझी नात सहा आठवड्यांची असताना तिच्या जिभेवर पांढरा थर दिसला. दूध साचलं असेल म्हणून मी ओल्या मऊ कापडाने जीभ पुसली. निघेना, म्हणून जरा जोर लावला. कापडावर रक्ताचा ठिपका उमटला आणि माझे हातपाय गार पडले.

तो थ्रश होता, कॅन्डिडा या बुरशीचा संसर्ग. दुधाचा थर बहुधा जिभेपुरताच असतो आणि हलक्या हाताने पुसला की जातो. थ्रशचे चट्टे फाटलेल्या दुधाच्या कणांसारखे दिसतात, गालांच्या आत, हिरड्यांवर, टाळूवरही असतात आणि घट्ट चिकटलेले असतात. खरवडले तर खाली लालभडक कातडी उघडी पडते. नातीचा खालचा ओठ अलगद वळवून पाहिला असता तर तिथलेही चट्टे मला दिसले असते. मी फक्त जीभ पाहत राहिले.

त्याहून मोठी चूक म्हणजे मी सुनेच्या स्वच्छतेवर बोट ठेवलं. ही बुरशी निरोगी माणसांच्या तोंडातही असते. तान्ह्या बाळाची प्रतिकारशक्ती कच्ची असते, त्यातून आईला किंवा बाळाला अँटिबायोटिक दिलेलं असेल तर या बुरशीला आवर घालणारे जंतू मरतात आणि ती फोफावते. सुनेला बाळंतपणानंतर अँटिबायोटिक चालू होतं. तिची मी नंतर माफी मागितली.

डॉक्टरांनी निस्टॅटिन या बुरशीनाशक औषधाचे थेंब दिले. दिवसातून चार वेळा, दूध पाजून झाल्यावर, म्हणजे औषध तोंडात टिकतं. ते घशात ओतायचं नसतं, दोन्ही गालांच्या आत आणि चट्ट्यांवर लावायचं. चौथ्या दिवशी तोंड स्वच्छ दिसलं म्हणून आम्ही थांबवलं, आणि आठवड्याभरात चट्टे परत आले. चट्टे गेल्यावरही निदान दोन दिवस औषध चालू ठेवायचं असतं. घरात मायकोनाझोल या दुसऱ्या बुरशीनाशक औषधाचं जेल पडलेलं असेल तर ते मनाने लावू नये. चार महिन्यांखालच्या बाळाच्या घशात ते अडकू शकतं. मध वर्षाच्या आतल्या बाळाला मुळीच नको, त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. बोरॅक्स-ग्लिसरीनही नको, बोरॅक्स विषारी आहे.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी सुनेलाही तपासलं. पाजताना तिला आग व्हायची, स्तनाग्रं लाल, चकचकीत झाली होती. ती बिचारी सोसत होती, आम्ही कुणी विचारलंच नव्हतं. बाळाला औषध आणि आईला नाही, असं झालं की संसर्ग एकमेकींकडे फिरत राहतो. तिला मलम मिळालं. अंगावर पाजणं मात्र एक दिवसही थांबवलं नाही, थांबवायची गरजही नसते. बाटलीची बुचं, चोखणी रोज उकळून घेतली.

बाळ दूध ओढत नसेल, लघवी कमी होत असेल, ताप असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. थ्रश वारंवार उलटत असेल किंवा नऊ महिन्यांनंतर होत असेल, तर मागे दुसरं काही कारण आहे का हे तपासून घ्यावं लागतं.

बाळंतिणीला घरी सोडताना जो सूचनांचा कागद देतात, त्यात दुधाचा थर आणि थ्रश यांतला फरक आणि ‘खरवडू नका’ एवढं तरी छापावं, ही विनंती आपल्या वृत्तपत्रातून रुग्णालयांपर्यंत पोहोचवावी.

आपली विश्वासू,
एक आजी