कर्लिंग म्हणजे झाडूचा जोक नाही हो

संपादक साहेब, नमस्कार.

हिवाळी ऑलिम्पिक आलं की क्रीडा पानावर कर्लिंगचा, म्हणजे बर्फावर दगड सरकवून लक्ष्यापर्यंत नेण्याच्या खेळाचा, एक फोटो येतोच, चार बायका बर्फावर ब्रश घासतायत आणि खाली कॅप्शन की घरकामालाही आता मेडल. एकदा ठीक आहे, पण दर चार वर्षांनी तेच? स्कोअर नाही, कॅप्टन कोण ते नाही, काहीच नाही.

जवळजवळ वीस किलोचा ग्रॅनाइटचा दगड, पंचेचाळीस मीटर लांब बर्फाची पट्टी, त्यावर पाण्याचे बारीक थेंब मारून मुद्दाम खरखरीत केलेला पृष्ठभाग. ब्रशने घासलं की घर्षण कमी होतं, दगड थोडा लांब जातो आणि कमी वळतो. मॅच जसजशी पुढे जाते तसे ते दाणे झिजतात, म्हणजे पहिल्या एंडला (मॅचमधल्या एका फेरीला एंड म्हणतात) जो जोर बरोबर होता तो आठव्याला चालेलच असं नाही. समोरच्या टोकाला उभी असलेली कॅप्टन, तिला स्किप म्हणतात, ती हे सगळं वाचत असते आणि घसा फुटेस्तोवर ओरडत असते "हरी हार्ड!", म्हणजे जोरात घासा! इथे नुसती ताकद असून भागत नाही, बर्फ कळायला वर्षं जातात, म्हणून या खेळात करिअर लांब चालतं.

कॉलीन जोन्सचंच बघा. कॅनडाच्या हॅलिफॅक्सची. १९८२ मध्ये पहिल्यांदा राष्ट्रीय विजेती झाली तेव्हा बावीस वर्षांची होती, त्यानंतर दुसरं टायटल मिळालं थेट १९९९ मध्ये. सतरा वर्षं! मधल्या काळात दोन मुलं झाली, सीबीसी या कॅनडाच्या चॅनेलवर हवामान आणि खेळाच्या बातम्या देण्याची नोकरी चालू होती आणि ही प्रॅक्टिसला जातच होती. मग २००१ ते २००४ सलग चार वेळा कॅनडाची चॅम्पियन, त्यात २००१ आणि २००४ ला जगज्जेती. पण ऑलिम्पिकला खेळाडू म्हणून कधीच गेली नाही. २००१ ला जगज्जेती असतानाच कॅनडाच्या निवड स्पर्धेत केली लॉची टीम जिंकली, तीच २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकला गेली आणि ब्राँझ घेऊन आली. कॅनडात घरातलीच स्पर्धा इतकी भयंकर आहे. म्हणजे फक्त ऑलिम्पिकवर नजर ठेवणाऱ्या आपल्या क्रीडा पानांना ही बाई कधी दिसणारच नव्हती.

मला खरं तर पुढचा भाग जास्त आवडतो. पन्नाशी ओलांडल्यावर मेनिंजायटिस झाला, मेंदूच्या आवरणाला सूज येते ते जीवावरचं दुखणं, त्यातून उठून २०१३ ला परत राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, ते पण स्किप म्हणून नाही, तर आधी जिची ती स्किप होती त्या मेरी-ॲन आर्सेनॉच्या टीममध्ये. आपल्याकडे माजी कॅप्टनने असं खेळायचं म्हटलं तर आधी मानापमानाचं नाटक होईल. २०१७ ला सत्तावन्नाव्या वर्षी ज्येष्ठांचं जागतिक विजेतेपद पण घेतलं. कोणी म्हणेल, सत्तावन्नाव्या वर्षी जमतं तो कसला खेळ. अहो, एका पायावर खोल वाकून, बर्फावर घसरत जात, तो दगड नेमका हवा तेवढ्याच जोराने सोडून दाखवा मग बोलू.

नोव्हेंबर २०२५ मध्ये कॅन्सरने ती गेली, पासष्ट वर्षांची होती. तुमच्या अंकात शोधलं, एक ओळसुद्धा सापडली नाही. क्रिकेटपटूच्या साखरपुड्याला पाव पान मिळालेलं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की मेडल आलं तरच बाईची बातमी आणि नाही आलं तर जोक, हे बंद करा. नोकरी, पोरं सांभाळून तीस-पस्तीस वर्षं टॉपला खेळणाऱ्या बायकांवर रविवारच्या पुरवणीत एखादं सदर सुरू करा, कर्लिंगच पाहिजे असं नाही, कुठलाही खेळ चालेल.

आपली,
एक नियमित वाचक