मोत माउली : जत्रा आणि घरचा सण

महोदय,

८ सप्टेंबर हा मारियामातेचा जन्मदिन. वांद्र्याच्या मोत माउलीच्या, म्हणजे माउंट मेरी चर्चमधील मारियामातेच्या, जत्रेच्या बातम्यांत दरवर्षी वाहतुकीतील बदलांपलीकडे फारसे काही नसते (त्यांचीही गरज आहेच). मुंबईत स्थायिक झालेल्या मंगळुरी कॅथलिक कुटुंबांत मात्र हा दिवस ‘मोंती फेस्त’ म्हणजे नव्या भाताचाही सण असतो. आधीचे नऊ दिवस मुले बाळ मारियेच्या मूर्तीला फुले वाहतात आणि सणाच्या दिवशी चर्चमध्ये आशीर्वादित झालेल्या ओंब्या घरी आणल्या जातात. आमच्या शेजारच्या आजी त्यांतले दाणे सोलून, कुटून दुधात घालतात, सर्वांना घोटघोट देतात आणि परगावच्या लेकासाठी एक ओंबी पाकिटातून टपालाने धाडतात. त्या दिवशीचे जेवण शाकाहारी असते, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते.

– एक वाचक, वांद्रे