नागचौकातल्या फुलवाल्या मावशी, तुम्हाला थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं

मावशी, नाव विचारायचं गडबडीत राहिलं म्हणून हे असं जाहीर लिहितेय. कामदा एकादशीला, नाशिकच्या काळाराम मंदिराच्या रथाच्या दिवशी, पंचवटीतल्या नागचौकात तुमच्या झेंडूच्या पाटीशेजारी एक आजी, एक सून आणि हातात पिपाणी घेतलेला पोरगा उभा होता ना, ते आम्ही.

सिडकोत राहून इतकी वर्षं झाली पण सासूबाईंनी रथ कधी जवळून बघितला नव्हता, यंदा हट्टच धरला की रामाचा रथ बघायचाच, आणि गुडघे म्हणजे विचारू नका, निमाणी स्टँडपासून चालतच चार ठिकाणी बसल्या. नागचौकात पोचलो तर मुंगीला शिरायला जागा नाही. कोपऱ्यावर थोडी मोकळी जागा दिसली म्हणून आम्ही तिथं उभं राहिलो आणि तुम्ही हार ओवता ओवताच ओरडलात, "ओ ताई, तिथं नका थांबू, रथ वळला का सगळी पब्लिक त्याच अंगाला येती!" मोकळी का आहे ती जागा हे मग दहा मिनिटांत कळलंच, तिथली माणसं अक्षरशः भिंतीला चिकटली होती. तोवर तुम्ही सासूबाईंना फुलांच्या उलट्या क्रेटवर ओलं गोणपाट टाकून बसवलं होतं, आणि पोराच्या मनगटावर बॉलपेननं माझा मोबाईल नंबर लिहायला लावला होता. पोलिसांचे बॅरिकेड्स होते, भोंगा सारखा काहीतरी सांगत होता, पण ढोलाच्या आवाजात त्यातलं एक अक्षर कळेल तर शपथ.

पुढं गरुड रथ आला आणि लोक लगेच त्याच्या मागं पळायला लागले, आम्हीही निघालो असतो, तर तुम्ही सासूबाईंचा पदरच धरलात, "आजी, ह्याच्यात पादुका हायेत, राम मागून येतोय." आणि खरंच मागून राम रथ आला, पुढं पांढऱ्या कपड्यातले बुवा, म्हणजे रथाचे मानकरी, हात जोडलेले, तोंड रथाकडं आणि पाठ रस्त्याकडं, उलटे चालत. फोटोत दरवर्षी बघतो हो, पण त्या गर्दीत एक माणूस मागं न बघता पाऊल टाकतोय आणि आजूबाजूची पोरं त्याला धक्का लागू देत नाहीत हे समोर बघताना मला तरी मोबाईल काढायचं सुचलं नाही. सासूबाई क्रेटवर उभ्या राहिल्या होत्या. गुडघे त्या दिवशी कुठं गेले होते देव जाणे.

पण खरा उपकार त्यानंतरचा. आम्ही म्हणत होतो की पूल ओलांडून मेन रोडला जाऊन परत बघू, तर तुम्ही म्हणालात की राम रथ गंगा, म्हणजे आपली गोदावरी, ओलांडत नाही, गरुड रथ एकटाच गावात फिरून येतो, तोवर राम अलीकडंच थांबतो, नदीकाठच्या पटांगणावर जा, निवांत दर्शन होईल. नाशकात राहून मला हे माहीत नव्हतं, बोला! तसं गेलो आणि सासूबाईंना धक्काबुक्की न होता रथाजवळून दर्शन झालं, पुजाऱ्यांनी तुळस दिली ती अजून देव्हाऱ्यात आहे. रामकुंडावरच्या अवभृथ स्नानाला, म्हणजे उत्सवाच्या शेवटी देवाला घालतात त्या स्नानाला, मात्र थांबलो नाही, पोरगा खांद्यावर झोपला होता.

2027 ला सिंहस्थ कुंभमेळा आहे, नियोजनाच्या मीटिंगा चालूच असतील, तिथं तुमच्यासारख्या चार जणींना खुर्ची द्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. कुठल्या बोळात गर्दी कशी दाबते हे नकाशात दिसत नाही.

आणि हो, हाराचे पैसे तुम्ही बरोबर घेतलेत, एक रुपया सोडला नाहीत, वर मी जास्तीचे द्यायला लागले तर "ते कशाला" म्हणून परत केलेत, हे मला फार आवडलं. पण सासूबाई उभ्या राहिल्या तेव्हा क्रेटचा कोपरा कडकन वाजला होता, तुम्ही काही बोलला नाहीत. नवीन क्रेट घेऊन ठेवलंय. गणेशवाडीत बाजाराच्या कडेला बसते म्हणाला होतात, तिथं येऊन गेले तर तुम्ही दिसला नाहीत. पंचवटीतल्या कुणी ह्यांच्याकडून फुलं घेत असाल, उंच, काळा चष्मा लावून हार ओवतात, तर प्लीज सांगा की सिडकोची सून क्रेट घेऊन शनिवारी सकाळी परत येतेय.